तेलात नाही, मग शिसे गेले कुठे?

बल्गेरियात प्लोव्हदिव्ह शहराजवळ शिसे आणि जस्त गाळणारा मोठा कारखाना आहे. त्याच्या आसपासच्या दूषित जमिनीत पुदिना लावून शास्त्रज्ञांनी पाहिले, की हे धातू तेलात उतरतात का. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पीक कमी आले, पण तेल स्वच्छ निघाले.

असे का, हे पुदिन्याच्याच कुळातल्या सब्जाचे पान भिंगाखाली धरले की उमगते. पानावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात. या तेलग्रंथी. मोठ्या ग्रंथीच्या माथ्यावरच्या चार पेशी तेल बनवतात आणि पातळ पापुद्र्याखाली साठवतात. पाल्यातून वाफ सोडली की तेल तिच्याबरोबर बाहेर पडते. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मात्र वाफेच्या तापमानाला उडत नाहीत. ते चोथ्यातच राहतात.

तरीही जमिनीचा परिणाम तेलावर होतोच. धातूंच्या ताणाखाली रोपाची रसायनक्रिया बदलते आणि गंध ठरवणाऱ्या लिनालूलसारख्या घटकांचे प्रमाण कमी-जास्त होते. लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये सब्जाबाबत हेच दाखवले. त्यांच्या प्रयोगात आणखी एक भिडू होता: मायकोरायझा.

ही बुरशी मुळांच्या पेशींत शिरते आणि आपले तंतू मुळे पोहोचत नाहीत तिथवर पसरते. तिथून ती स्फुरद आणून देते, बदल्यात रोपाकडून साखर घेते. काही धातू ती आपल्या तंतूंतच अडकवते. इटलीत २००६ मध्ये झालेल्या अभ्यासात तर योग्य बुरशी मिळालेल्या सब्जाच्या पानांवर तेलग्रंथीच वाढलेल्या आढळल्या. मात्र हा रामबाण उपाय नव्हे. धातू कोणता, किती आणि बुरशीची जात कोणती, यावर सारे ठरते. कधी कधी बुरशीमुळे पाल्यातले धातू वाढतातही. शिवाय रासायनिक स्फुरदाचा मारा केला, तर ती मुळांत नीट रुजतच नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्याने नासलेल्या जमिनीत भाजी घेणे धोक्याचे. तिथे तेलासाठी सुगंधी पीक घेणे हा चांगला मार्ग आहे, पण शिस्त पाळूनच. आधी मातीतील जड धातू तपासून घ्यावेत. तिथला पाला खाऊ नये, सब्जाचे बी फालुद्यासाठी विकू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चोथा गुरांना घालू नये आणि खत म्हणून दुसऱ्या शेतात टाकू नये. नाहीतर एका शेतातले विष आपल्याच हातांनी दुसऱ्या शेतात जाईल.