चोच तांबडी, परंतु पोपट नव्हे

कोकीळ, पावशा व चातक हे पक्षी आमच्या शेतकरी बांधवांस नव्यानें सांगावयास नकोत. परंतु त्यांच्याच कुळांतील एक रंगदार रानपक्षी आपल्या बांधालगत वावरत असतां पुष्कळांस त्याची ओळख नसते. आणि चोच तांबडी एवढ्याच कारणानें तो पोपटाच्या अपराधाची शिक्षा भोगतो. या चुकीचे आम्हीही एकदां वाटेकरी झालों, म्हणून हा लेख लिहीत आहों.

सरकारी चाकरींत असतां पीकपाहणीच्या निमित्तानें आम्ही एका माळरानाच्या गांवीं गेलों होतों. ज्वारीच्या कडेस बोरीच्या जाळींत तांबडी चोच दिसली. राखणदारानें पोपट समजून गोफण फिरविली. आम्हीं त्यास हटकलें नाहीं. पाखरूं पडलें. पोट फाडून पाहतों तों दाण्याचें नांव नाहीं. नाकतोडे आणि सुरवंट यांचा लगदा मात्र भरलेला! राखणदार खिन्न होऊन म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यानं तर आपलंच काम चालवलं व्हतं की." तें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

या पक्ष्यास ग्रंथांतून 'सिरकीर मलकोहा' म्हणतात. हिंदी मुलुखांत त्यास 'जंगली तोता' असेंही नांव आहे. म्हणजे हा घोटाळा एकट्या आमचाच नव्हे. तथापि नीट पाहिल्यास दोहोंतील भेद लपत नाहीं. पोपट हिरवा असतो. हा मातकट रंगाचा असून पोटाकडे तांबूस असतो. पोपटाची चोच आंकड्याप्रमाणें वळलेली असते. याची किंचित् बांकदार, पिकल्या बोरासारखी तांबडी व टोंकाशीं पिवळी असते. लांबी सुमारें १७ इंच. पैकीं निम्म्याहून अधिक शेपटीच. तिच्या पिसांचीं टोंकें ठळक पांढरीं असतात. गळ्यावर व छातीवर बारीक काळ्या चकचकीत रेघा असतात. नर व मादी दिसण्यांत सारखींच. पायांवरून मात्र निर्णय करूं नये. कारण दोन बोटें पुढें व दोन मागें ही ठेवण दोन्ही पक्ष्यांत आहे.

विरळ, कोरडें रान, कांटेरी झुडपें व खडकाळ टेंकड्या हें याचें वसतिस्थान. पंख आंखूड व गोलसर असल्यामुळें उडण्यांत हा दुबळा. परंतु झुडपांखालून असा धांवतो कीं, पाहणारास मुंगसाचा भास व्हावा. धोका वाटल्यास फांदीवरून फांदीवर उड्या मारीत जाळींत दिसेनासा होतो. कोकिळेसारखा कंठ यास नाहीं. बहुधा मुकाच असतो. कीटक, सुरवंट, सरडे व गळून पडलेलीं रानफळें हें त्याचें अन्न.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कोकिळा आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत घालते. पावशा व चातक यांचीं पिलें सातभाईंच्या माथीं वाढतात. सिरकीर मात्र स्वतःचा संसार स्वतः करतो. मुख्यतः मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत कांटेरी झुडपांत काटक्यांचें उथळ घरटें करून त्यांत हिरवीं पानें अंथरतो. अंडीं दोन किंवा तीन, पांढरीं असतात. पिलांचा सांभाळ नर व मादी मिळून करतात.

यावरून आमची विनंति स्पष्ट आहे. बांधावरील बोरी-बाभळींची जाळी सरसकट तोडून जाळूं नये. निदान विणीच्या महिन्यांत तरी तिला कोयता लावूं नये. जाळी गेली कीं घरटें गेलें, आणि घरट्याबरोबर सुरवंट वेंचणारा बिनपगारी गडीही गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा पक्ष्यांची शिकार वर्ज्य केलेली आहेच. पण कायद्याच्या धाकापेक्षां ओळख अधिक काम करते. तेव्हां तांबडी चोच दिसतांच हात गोफणीकडे नेण्यापूर्वीं शेपटीकडे एकवार पाहावें. तेवढा विचार आम्हीं त्या दिवशीं केला असता, तर आज हा लेख लिहितांना मनास टोंचणी लागती ना.