कुत्र्याची कोरडी त्वचा : घरची निगा आणि आहार

घरातल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरविला असता तळहाताला पांढरा कोंडा लागावा, केस राठ व निस्तेज दिसावेत, आणि रात्री सगळे घर निजले असता त्याच्या खाजविण्याचा आवाज ऐकू येत राहावा, असा अनुभव कुत्रे बाळगणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना केव्हा ना केव्हा येतो. मग घरात दोन उपाय सुचविले जातात. कुत्रे मळले आहे असे समजून त्याला साबणाने खसखसून धुणे हा पहिला; अंग कोरडे पडले म्हणून ते खोबरेल तेलाने माखणे हा दुसरा. पहिल्याने कोरडेपणा वाढतो आणि दुसऱ्याने तो झाकला जातो. तिसराही एक उपाय आपल्याकडे सर्रास चालतो आणि तो मात्र त्या मुक्या जनावराच्या जिवावर बेततो. कुत्र्याला लूत भरली असावी एवढ्या तर्कावर गॅरेजमधले जळके तेल किंवा घासलेट त्याच्या अंगाला फासतात. ही द्रव्ये त्वचा भाजून काढतात, त्वचेतून थोडीफार आत मुरतात आणि उरलेली कुत्रे स्वतःच्या जिभेने चाटून पोटात घेते. घासलेट चाटताना किंवा ओकताना फुप्फुसात गेले तर श्वास घेणे कठीण होते. अशा उपायाने एखादे कुत्रे बरे झाल्याची गोष्ट गावभर सांगितली जाते. जी दगावली त्यांची गोष्ट सांगायला कोणी जात नाही.

हे टाळावयाचे तर कुत्र्याची त्वचा म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे. चिऱ्यांची भिंत सर्वांच्या परिचयाची आहे. चिरे एकावर एक रचलेले असतात आणि मधल्या दर्जा चुन्याने भरलेल्या असतात. दर्जा पक्क्या असल्या तर पाऊस आत येत नाही. चुना झडला की चिरा शाबूत असूनही भिंतीला ओल धरते. त्वचेचा सर्वांत वरचा थर असाच आहे. मृत पेशी हे चिरे आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. हा चुना कमी पडला की शरीरातील ओलावा बाहेर उडून जातो, पेशी कोंड्याच्या रूपाने सुटू लागतात, आणि बाहेरची धूळ, जंतू व खाज आणणारी द्रव्ये यांना आत वाट मिळते. त्यातून कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ. माणसात जिवंत पेशींचे दहापंधरा थर मोजता येतात, तेथे कुत्र्याच्या केसाळ भागात ते तीनपासून पाचपर्यंतच भरतात. हा थर नवा होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. आज केलेल्या उपचाराचे फळ उद्या दिसत नाही, याचे एक कारण हेच.

प्रथम स्नानाचा विचार. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळजवळ उदासीन. आणि वडीचा साबण, मग तो अंगाचा असो वा कपड्यांचा, चांगलाच अल्कधर्मी असतो. तो मळाबरोबर दर्जांतला चुनाही धुऊन नेतो. लहान मुलांचा म्हणून विकला जाणारा सौम्य साबणदेखील माणसाच्याच मुलासाठी केलेला असतो, हे विसरू नये. कूपनलिकेच्या जड पाण्यात तर साबणाचा चिकट साका केसांच्या मुळाशी बसून राहतो आणि तोही खाज आणतो. म्हणून कोरड्या त्वचेच्या कुत्र्याला तीनचार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठीच केलेल्या सौम्य शाम्पूने, कोमट पाण्याने न्हाऊ घालावे. ओटयुक्त शाम्पू मिळाल्यास उत्तम. फेस अंगावर दहा मिनिटे राहू द्यावा आणि नंतर, लावण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुण्यास द्यावा. बहुतेक घरांत चूक होते ती येथेच. पोट, काखा आणि शेपटीचे मूळ या जागा धुवायच्या राहून जातात. अंग टॉवेलाने टिपून घ्यावे, रगडू नये. ज्या दिवशी स्नान नाही त्या दिवशी मऊ ब्रशाने पाच मिनिटे केस विंचरले, तर मेलेले केस व कोंडा निघतो आणि त्वचेतील ग्रंथींचे नैसर्गिक तेल केसांच्या टोकांपर्यंत पसरते. या साध्या विंचरण्याची किंमत महागड्या तेलांहून अधिक आहे.

परंतु समोर दिसते तो कोरडेपणाच आहे काय? हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. ग्वाल्हेर वा इंदूरकडे थंडीत हवा कोरडी होते, मे महिन्यात लू वाहते. तेथे या दिवसांत थोडा कोंडा सुटला तर ऋतूचा परिणाम समजता येईल. पण गोव्यात ऐन श्रावणात, भिंतींना बुरशी येते त्या हवेत, कुत्र्याच्या अंगावर कोंडा दिसला तर दोष हवेचा असणे कठीण. तेथे बुरशीचा नायटा, पिसवा किंवा लूत यांचा संशय धरावा. घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. कुत्र्याला काळ्या कागदावर उभे करून पाठ बारीक फणीने विंचरावी. खाली पडलेला कोंडा थोड्या वेळाने हलताना दिसला, तर तो कोंडा नसून त्याखाली चालणारे सूक्ष्म किडे आहेत. दुसरी परीक्षा ओल्या पांढऱ्या कागदाची. काळे कण त्यावर ठेवले असता भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा होय, कारण तिच्यात कुत्र्याचे रक्त असते. कानाच्या कडा, कोपरे व पोट येथे तीव्र खाज असून केस झडत असतील, आणि घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठू लागले असेल, तर बहुधा ती खरूज आहे व तिला तेलपाण्याचा उपयोग नाही. मध्यम वयाचे कुत्रे थोडे खाऊनही लठ्ठ होत असेल, सुस्त पडून राहत असेल, दोन्ही कुशींचे केस सारखेच विरळ होत असतील, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो. तो रक्त तपासल्यावाचून ठरत नाही. फक्त कोपराचीच कातडी जाड व राखाडी झाली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मुधोळच्या शिकारी कुत्र्यांसारखी अंगावर मांस बेताचे असलेली जनावरे फरशीवर निजतात, त्यांना असे घट्टे पडतातच. खाली गोणपाटाची जाड घडी घातली की काम भागते.

आता आहाराकडे वळावयाचे, कारण दर्जांतला चुना बाहेरून लिंपता येत नाही. तो आतून यावा लागतो. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने प्रयोगशाळेतील उंदरांना स्निग्धांश पूर्ण वगळलेले अन्न दिले. उंदरांची वाढ खुंटली, त्वचा कोरडी पडली, शेपटीवर खवले आले. अन्नात योग्य स्निग्धाम्ले घालताच ते सुधारले. ज्याचा शरीराला अत्यंत उपयोग पण जे शरीर स्वतः बनवू शकत नाही, असे लिनोलेइक आम्ल स्निग्ध पदार्थांत असते, हे त्यातून सिद्ध झाले; पुढे कुत्र्यांच्या पिलांवरही हाच अनुभव आला. आता आपल्याकडचा नित्याचा आहार पाहावा. दूध आणि पोळी कुस्करून सकाळसंध्याकाळ कुत्र्यापुढे ठेवण्याची रीत घरोघर आहे. तीत माया आहे, पण पोषण अपुरे आहे. कोरड्या पोळीत स्निग्धांश नगण्य. दुधातुपात स्निग्धांश असला तरी लिनोलेइक आम्ल अगदी थोडे. शिवाय गव्हातील फायटिक आम्ल व दुधातील चुना हे दोघे मिळून जस्त शोषू देत नाहीत, आणि जस्त कमी पडले की डोळे व तोंड यांभोवती खपल्या धरतात. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्के केस व त्वचा यांच्याच कामी येतात, असे मानले जाते. मग पोळीदुधावर वाढलेल्या कुत्र्याचे केस राठ झाले यात नवल कसले? मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही.

पोळी वा भात बंद करावा असे नव्हे. त्याचे प्रमाण कमी करून त्यात उकडलेले अंडे, कोंबडीचे मांस किंवा मासे यांची भर घालावी. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला एक दिवसाआड एक अंडे पुरे. अंडे शिजविलेलेच द्यावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील एक द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवते व त्याचा भुर्दंड पुन्हा त्वचेलाच पडतो. किनाऱ्यावरच्या घरांना बांगडा व तारली यांचे मोठे वरदान आहे. त्यांतील स्निग्धाम्लांनी त्वचेचा दाह व खाज कमी होण्यास मदत होते. मीठमसाला न घालता उकडलेला, काटे काढलेला अर्धा बांगडा आठवड्यातून दोनदा दिला तरी चालते. हुमणातला मासा किंवा खारवलेली सुकट मात्र नको. जेथे समुद्र दूर आहे तेथे पशुवैद्याला विचारून माशाच्या तेलाच्या गोळ्या देता येतील. जवसाने तेच काम होते असे पुष्कळांना वाटते. पण जवसातील स्निग्धाम्लाचे रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार थोडे होते.

लिनोलेइक आम्लासाठी करडईचे तेल श्रेष्ठ. दख्खनच्या पठारावर, हैदराबादपर्यंत, ते परिचयाचे आहे. सूर्यफूल व माळव्यात पिकणाऱ्या सोयाबीनचे तेलही उपयोगी, शेंगदाण्याचे त्याखालोखाल, आणि ज्याची सर्वांत अधिक शिफारस होते त्या खोबरेल तेलात हे आम्ल अगदीच अल्प. दहा किलोच्या कुत्र्याला रोज पाव चमच्यापासून आरंभ करून आठवड्याभरात अर्धा ते एक लहान चमचा तेल अन्नात कालवावे. शौच पातळ झाले तर प्रमाण उतरवावे. लठ्ठ कुत्र्याला, किंवा ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा विकार झाला आहे त्याला, वैद्याच्या सल्ल्यावाचून तेल देऊ नये. तळणीतले उरलेले तेल कुत्र्याच्या ताटात ओतणे ही काटकसर नव्हे. बडोदे किंवा इंदूर येथील ज्या घरांत मांस-मासे वर्ज्य आहेत, त्यांनी घरगुती मिश्रणाचे प्रयोग करण्यापेक्षा प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण आहार म्हणून तयार केलेले खाद्य घ्यावे. अमेरिकी पशुखाद्य मानकांनुसार अशा खाद्याच्या कोरड्या भागात किमान १८ टक्के प्रथिने, ५.५ टक्के स्निग्धांश आणि १.१ टक्के लिनोलेइक आम्ल असावे लागते; वेष्टणावरील आकडे वाचून घेण्याची सवय ठेवावी.

या भरात घरचा शिरा कुत्र्यापुढे ठेवू नये, कारण त्यातले बेदाणे व मनुका त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा व लसूण, शिजवलेलेसुद्धा, रक्तातील तांबड्या पेशी नासवितात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाई ही तर विषेच. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. ताजे पाणी मात्र दिवसभर भांड्यात असावे.

आहार बदलल्यावर केसांवर तेज दिसण्यास सहा ते आठ आठवडे, कधी बाराही लागतात. तेवढा धीर धरावा. पण खाज वाढत असेल, जखमा, पू किंवा दुर्गंध असेल, किंवा केसांचे चकंदळ झडत असेल, तर एकही आठवडा वाट न पाहता गुरांच्या दवाखान्यात जावे. नेण्यापूर्वी दोनतीन दिवस कुत्र्याला न्हाऊ घालू नये व अंगाला पावडर लावू नये. स्वच्छ करून नेण्याच्या शिष्टाचारात रोगाच्या खुणाच धुतल्या जातात. गेल्या महिन्यात त्याने काय खाल्ले, कोणता साबण लावला, आणि घरात आणखी कोणाला खाज सुटली आहे काय, हे कागदावर लिहून सोबत न्यावे. जळके तेल लावले असेल तर तेही लपवू नये.