हौशी फुटबॉलची खाणगावे : इंग्लंडच्या नॉर्दर्न लीगची कहाणी

जत्रेला जाणाऱ्यांचे आपल्याकडे तीन प्रकार सांगितले जातात : हौशे, नवशे आणि गवशे. पहिला आनंदासाठी जातो, दुसरा नवस फेडण्यासाठी, तर तिसरा काही गवसते का ते पाहण्यासाठी. खेळाच्या मैदानावरही हे तिघे भेटतात. इंग्रजीतील 'अमॅच्युअर' ह्या शब्दासाठी आपण 'हौशी' हा शब्द योजतो. त्या शब्दाच्या मुळाशी 'आमारे', म्हणजे प्रेम करणे, हे लॅटिन क्रियापद आहे. खेळावर प्रेम आहे म्हणून जो खेळतो तो हौशी.

आपल्या धर्मग्रामांतील स्पर्धांच्या वेळी रोख बक्षिसांची आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूंची चर्चा होते, तेव्हा खरा हौशी कोणास म्हणावे, हा प्रश्न हमखास निघतो. ह्या प्रश्नाशी जवळजवळ नव्वद वर्षे झुंजलेली एक स्पर्धा ईशान्य इंग्लंडमध्ये आहे. तिचे नाव नॉर्दर्न लीग. तिचा इतिहास आपणांस बरेच काही शिकवून जातो.

साखळी स्पर्धेचा जन्म

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या स्पर्धा बाद पद्धतीने होत. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला पुढे केवळ मैत्रीपूर्ण सामन्यांवर समाधान मानावे लागे आणि असे सामने ऐनवेळी रद्दही होत. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी ठरलेल्या दिवशी खेळावे आणि गुणांवर विजेता ठरवावा, ही साखळी पद्धत १८८८ साली 'फुटबॉल लीग'ने रूढ केली. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, डार्लिंग्टन संघाचे चिटणीस चार्ल्स क्रेव्हन ह्यांच्या पुढाकाराने दहा संघांची नॉर्दर्न लीग स्थापन झाली. आजही चालू असलेल्या साखळी स्पर्धांमध्ये ती जगातील दुसरी सर्वांत जुनी मानली जाते.

आपणां कॅथलिकांना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, ह्या स्पर्धेचे पहिले विजेतेपद १८९० साली 'डार्लिंग्टन सेंट ऑगस्टिन्स' ह्या संघाने पटकावले. हे नाव त्या शहरातील कॅथलिक चर्चचे आहे.

ह्या लीगचा सर्वांत नामांकित संघ बिशप ऑकलंड. ह्या गावात डरहॅमच्या अँग्लिकन बिशपांचे निवासस्थान होते. तेथे ईशज्ञानाचे शिक्षण घेण्यासाठी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतून आलेल्या तरुणांनी १८८२ च्या सुमारास फुटबॉलचा संघ उभारला. गर्द निळा रंग ऑक्सफर्डचा आणि फिकट निळा केंब्रिजचा. हे दोन्ही रंग संघाच्या पोशाखात आले आणि आजवर टिकून आहेत. पुढे मतभेद झाले, वेगळा संघ निघाला आणि तोच बिशप ऑकलंड म्हणून पुढे आला. योगायोग पाहा, १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्यांनी गोव्यात शिवोली येथे फुटबॉलचे बीज पेरले. दोन खंडांत, एका वर्षाच्या अंतराने, धार्मिक शिक्षणाच्या अंगणातच हा खेळ रुजला.

खाणीतून मैदानावर

प्रारंभी ह्या लीगमध्ये व्यावसायिक संघही होते. न्यूकॅसल ईस्ट एंड हा संस्थापक संघ १८९२ मध्ये 'न्यूकॅसल युनायटेड' झाला. मिडल्सब्रोही पुढे व्यावसायिक फुटबॉलकडे गेला. मोठ्या शहरांचे संघ निघून गेल्यावर मागे राहिली ती मुख्यत्वे डरहॅम परगण्यातील कोळशाच्या खाणींची गावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून नॉर्दर्न लीग ही केवळ हौशी संघांची स्पर्धा बनली.

ह्या लहान गावांनी केलेले पराक्रम थक्क करणारे आहेत. वेस्ट ऑकलंड हा मुख्यत्वे खाणकामगारांचा संघ. सर थॉमस लिप्टन ह्यांनी ठेवलेल्या आंतरराष्ट्रीय चषकासाठी तो १९०९ साली इटलीतील तुरीन येथे गेला आणि स्वित्झर्लंडच्या विंटरथूर संघाला नमवून विजयी झाला. १९११ साली अंतिम सामन्यात त्याने युव्हेंटसला ६-१ असे हरवले आणि चषक कायमचा आपल्याकडे राखला. परंतु प्रवासाच्या खर्चाने संघ कर्जात बुडाला. तो चषक गावातील हॉटेलच्या मालकिणीकडे चाळीस पौंडांना गहाण पडला आणि १९६० मध्येच शंभर पौंड देऊन सोडवता आला. १९९४ साली तो चोरीस गेला; आज गावात आहे ती त्याची प्रतिकृती.

क्रूक टाऊनचा जॅक ग्रीनवेल हा खाणकामगार १९०९ च्या त्या विजयी संघात पाहुणा खेळाडू होता. पुढे तो बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला आणि १९३९ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली पेरूने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले.

हौशी संघांसाठी इंग्लंडमध्ये १८९३-९४ पासून 'एफ.ए. अमॅच्युअर कप' ही स्वतंत्र स्पर्धा होती. बिशप ऑकलंडने ती विक्रमी दहा वेळा जिंकली, क्रूक टाऊनने पाच वेळा. १९५४ च्या अंतिम सामन्यात हे दोन्ही संघ समोरासमोर आले. अवघ्या आठ-नऊ किलोमीटर अंतरावरील ह्या दोन गावांची लढत पाहण्यासाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एक लाख प्रेक्षक जमले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. न्यूकॅसल येथील फेरसामनाही २-२. अखेर मिडल्सब्रो येथील तिसऱ्या सामन्यात क्रूकने एकमेव गोलने बाजी मारली.

नियम आणि पळवाट

हे चित्र मनोहर असले तरी त्याला दुसरी बाजू आहे. हौशी खेळाडूने प्रत्यक्ष झालेल्या खर्चाव्यतिरिक्त एक पैसाही घ्यायचा नाही, असा नियम होता. सुखवस्तू घरातील पदवीधराला तो पाळणे सोपे होते. परंतु ज्याची एक पाळी चुकली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, अशा खाणकामगाराचे काय? शिवाय सामन्याला हजारो प्रेक्षक तिकीट काढून येत. मग चांगला खेळाडू आपल्या संघात टिकावा म्हणून चिटणीस गुपचूप त्याच्या हाती काही रक्कम ठेवू लागले. सामन्यानंतर बुटात नोटा सापडत, म्हणून तिला 'बूट मनी' असे नाव पडले.

१९२८ साली क्रूक टाऊनपासून सुरू झालेल्या चौकशीत डरहॅम परगण्यातील तीनशेहून अधिक खेळाडूंवर निलंबनाची कारवाई झाली. तरीही प्रथा थांबली नाही. नियम कागदावर राहिला, व्यवहार पाकिटातून चालला, आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोणी बोलेना. अखेर १९७४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला. अमॅच्युअर कपही त्याच वर्षी इतिहासजमा झाला.

म्हणजे हौशीपण खोटेच होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथील विमान अपघातात २३ जण मरण पावले, त्यांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू होते. युनायटेडला दुय्यम संघ उभा करणेही कठीण झाले. त्या वेळी बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू, बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली, मदतीस धावून गेले. व्यवसायाने शिक्षक असलेले ब्रॅडली पुढे युनायटेडच्या पहिल्या संघात खेळले व १९५९ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातही. हे उपकार विसरले गेले नाहीत. १९९६ साली बिशप ऑकलंड आर्थिक संकटात असताना निधी उभारण्यासाठी मँचेस्टर युनायटेडचा संघ त्या छोट्या मैदानावर येऊन खेळला.

खाणी गेल्या, मैदाने राहिली

१९९३ साली डरहॅम कोळसाक्षेत्रातील शेवटची खोल खाण बंद झाली. ज्या धंद्यावर ही गावे उभी होती तो संपला. नॉर्दर्न लीगने राष्ट्रीय श्रेणीरचनेत सामील होण्यास दीर्घकाळ नकार दिला होता. १९९१ मध्ये ती सामील झाली तेव्हा तिचे स्थान खालच्या पायरीवर आले. तरीही तिचे संघ खचले नाहीत. लहान संघांसाठी असलेल्या 'एफ.ए. व्हाझ' ह्या राष्ट्रीय स्पर्धेत २००९ ते २०१७ ह्या नऊ वर्षांत आठ वेळा नॉर्दर्न लीगचाच संघ विजयी झाला. त्यांपैकी पहिली तीन विजेतेपदे लागोपाठ व्हिटली बे संघाची.

ह्या लीगला कोणी टिकवले? गवत कापणारे, तिकीट फाडणारे, चहा करणारे आणि मुलांना सरावाला नेणारे गावकरी ह्यांनी. त्यांच्या बुटात कोणी कधी नोटा ठेवल्या नाहीत.

खेळाडूला त्याच्या कष्टाचा मोबदला मिळण्यात पाप नाही. पाप आहे ते खोटा हिशेब लिहिण्यात. आपल्या धर्मग्रामाच्या स्पर्धेत बक्षीस ठेवायचे की नाही, बाहेरचा खेळाडू घ्यायचा की नाही, हे प्रत्येक समितीने आपापल्या परीने ठरवावे. मात्र जे ठरेल ते उघडपणे सांगावे, उघडपणे पाळावे. आणि स्पर्धा संपल्यावर बक्षीस समारंभात एक शब्द त्यांच्यासाठीही बोलावा, जे भल्या सकाळी येऊन मैदानावर चुन्याच्या रेषा आखतात.