शुष्क योनीला स्तंभन नको : स्थानिक चिकित्सेविषयी काही विचार

चाळिशीच्या अलीकडेपलीकडे असलेली स्त्री लघवीची आग, खाज, कंबरदुखी अशा तक्रारी घेऊन येते. खोदून विचारल्यावरच ती पतीसहवासातील वेदनेविषयी बोलते, तेही खाली मान घालून. इस्लापूर व किनवट परिसरातील तांड्यावाड्यांवरच्या अशा रुग्णांना पूर्ववृत्त विचारताना एक वाक्य वारंवार ऐकू येते, ‘पिशवी काढली आहे.’ हा प्रश्न केवळ आपल्या भागाचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत बीजाशयेही काढली गेली, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. शरीराला सवय व्हायला अवधी मिळत नाही.

या अवस्थेत इस्ट्रोजेन घटते, योनीची अंतस्त्वचा पातळ होते, लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि ३.८ ते ४.५ असणारी आम्लता बिघडून सामू ५ च्या वर जातो. मूत्रमार्गाच्या तक्रारीही याच कारणाने उद्भवतात. म्हणून २०१४ पासून आधुनिक शास्त्राने या सर्वांस एकच नाव दिले, रजोनिवृत्तीजन्य जननमूत्र लक्षणसमूह. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांमध्ये ‘शुष्का’ सांगितली. व्यवायकाळी वेगांचे धारण केल्याने वात कुपित होऊन योनिमुखाचा शोष होतो, असे त्याचे कारण दिले आहे. शौचालय नसलेल्या फडात दिवसभर मूत्रवेग धरून ठेवणाऱ्या बाईचा विचार केला, तर वेगधारणाचा हा मुद्दा निदान त्याच दिशेने जाणारा वाटतो. मात्र दोन्ही अवस्था तंतोतंत एक आहेत असा आग्रह धरू नये.

आता बाजारात काय चालले आहे, ते पाहू. मोठ्या शहरांत ‘योनी-पुनर्यौवन’ या नावाने कार्बन डायऑक्साइड लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी व रक्तबिंबाणुयुक्त रक्तद्रवाची इंजेक्शने दिली जातात. लेसरने अंतस्त्वचेवर सूक्ष्म जखमा करून नवे कोलॅजन निर्माण व्हावे, ही त्यामागील कल्पना. टाका नाही, भूल नाही, दवाखान्यात मुक्काम नाही, हे त्याचे आकर्षण. परंतु अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३० जुलै २०१८ रोजी या उपकरणांच्या सौंदर्यविषयक जाहिरातींविरुद्ध इशारा दिला आणि भाजणे, व्रणवस्तू, सहवासातील व दीर्घकालीन वेदना यांची नोंद केली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत रजोनिवृत्त स्त्रियांना खरे लेसर व दिखाऊ लेसर देऊन बारा महिन्यांनी तुलना केली असता लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. नांदेड-लातूरच्या रुग्णाने उसने पैसे काढून हा उपचार घ्यावा, असे सांगण्यास माझे मन धजत नाही.

परंतु आपल्या घरचेही तपासले पाहिजे. औषधविक्रेते बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. मुंबईतील एका कंपनीने २०१२ मध्ये ‘१८ अगेन’ नावाचे योनी-घट्टपणाचे मलम बाजारात आणले. त्यात सुवर्ण, कोरफड, बदाम, डाळिंब असल्याचे सांगितले जाई. या पठडीतील माजूफळ-तुरटीची चूर्णे, जेल्स व गोळ्या आपल्या दुकानांतूनही विकल्या जातात. शास्त्रात योनिगाढीकरणाचे प्रयोग आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण धायटी, लोध्र, माजूफळ, तुरटी ही कषाय, रूक्ष, स्तंभक द्रव्ये स्रावयुक्त, शिथिल योनीसाठी आहेत. शुष्क योनीस ती दिली, तर आधीच रूक्ष असलेला धातू अधिक रूक्ष होतो, आग व भेगा वाढतात. विकणाऱ्यास ‘शिथिल’ आणि ‘शुष्क’ यांतला फरक विचारावा, तर बहुधा उत्तर मिळत नाही. शिवाय १९५४ चा औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा सहवाससुखवृद्धीच्या व गर्भाशयविकारांच्या अशा जाहिरातींना मनाई करतो. दुकानाच्या फलकावर काय लावले आहे, ते एकदा वाचावे.

चिकित्सेचा मार्ग वातहर आहे, म्हणजे स्नेह, स्वेद आणि बस्ती. स्थानिक उपचारांत योनिपिचू सोपा व कमी खर्चाचा. निर्जंतुक कापूस गॉजमध्ये गुंडाळून त्यास लांब दोरा बांधावा, कोमट बला तैल अथवा क्षीरबला तैलात भिजवावा आणि दोरा बाहेर ठेवून योनीत ठेवावा. मूत्रवेग येताच काढावा. सात ते चौदा दिवस हा क्रम चालवावा. पिचू विसरून आत राहिल्यास दुर्गंध व जंतुसंसर्ग होतो. म्हणून काढल्याची खात्री परिचारिकेने विचारून करावी. भगोष्ठांवर शतधौत घृत उत्तम. पोटात शतावरी घृत देता येते. मात्र अग्नी व वजन पाहूनच. गर्भाशय नसलेल्या स्त्रीत गर्भाशयगत उत्तरबस्तीचा प्रश्नच येत नाही आणि योनीच्या वरच्या टोकाचे टाके पूर्ण भरल्याची खात्री झाल्याशिवाय पिचूही घालू नये.

पिचूविषयी आजवरचे अभ्यास लहान आहेत, हेही सांगितले पाहिजे. योनीत लावण्याच्या अल्पमात्रा इस्ट्रोजेन मलमाचे पुरावे त्याहून भक्कम आहेत. म्हणून पिचूने उतार न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. स्तनकर्करोगाचा पूर्वेतिहास असेल, तर तो निर्णय तज्ज्ञांचाच. मधुमेही स्त्रीला खाज असल्यास आधी रक्तशर्करा पाहावी, बुरशीचा संसर्ग तेलाखाली झाकू नये. पांढरे, कडक, चकाकणारे चट्टे, न भरणारा व्रण, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात रुग्णास नांदेडला पाठवावे. शस्त्रक्रियेचे कागद घरी असल्यास मागवून घ्यावेत, कारण बीजाशये राखली की काढली, हे बहुतेक जणींना कोणी सांगितलेलेच नसते.