वास्तववाद आणि निसर्गवाद : फरक नेमका कुठे आहे?



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. ते विचारतात, ‘वास्तववाद समजला. मग निसर्गवाद वेगळा कशाला? दारिद्र्य, दारू, घाण जरा जास्त दाखवली की वास्तववादाचा निसर्गवाद होतो का?’ प्रश्न चांगला आहे. फरक असाच सांगण्याची पद्धतही आहे. पण माझ्या मते तो फरक वरवरचा आहे.

आधी शब्दाविषयी. निसर्गवाद म्हटलं की आपल्यापैकी काहींना बालकवी आठवतील, झरे आणि हिरवळ आठवेल. इथे तो अर्थ नाही. इथे निसर्ग म्हणजे कार्यकारणाच्या नियमांनी बांधलेलं जग, विज्ञान ज्याचा अभ्यास करतं ते. आणि माणूस त्या जगाच्या बाहेर नाही, हे निसर्गवादाचं पहिलं गृहीतक.

आता दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहू. पहिली फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’. १८५७ साली ती पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि फ्लोबेर त्यातून सुटला. त्याला स्वतःला वास्तववादी म्हणवून घेणं आवडत नसे, पण वास्तववादाचा नमुना म्हणून आपण हीच कादंबरी शिकवतो. एमा ही खेड्यातल्या एका डॉक्टरची बायको. प्रेमकथा वाचून वाढलेली, संसाराला कंटाळलेली. ती प्रेमप्रकरणांत अडकते, कर्ज करत जाते आणि शेवटी विष घेते. वाचताना आपल्याला सारखं वाटतं, बाई, या कागदावर सही करू नकोस! असं वाटतं याचा अर्थ काय? तिला नाही म्हणता आलं असतं, असं आपण मनोमन धरून चाललेलो असतो. तिच्या मृत्यूनंतर तिचा भोळा नवरा सगळा दोष नशिबावर टाकतो. ते ऐकून तिच्या जुन्या प्रियकराला तो जरा हास्यास्पदच वाटतो. नशिबाचं स्पष्टीकरण फ्लोबेरलाही पुरेसं वाटत नाही, हे इथे दिसतं.

दुसरी एमिल झोलाची ‘लासोम्वार’, १८७७ सालची. झेर्व्हेझ ही पॅरिसमधली धोबीण, एका पायाने लंगडी, दारुड्या बापाची मुलगी. तिच्या अपेक्षा किती, तर काम मिळावं, पोटाला भाकरी मिळावी, नवऱ्याने मारू नये, मरण आपल्या अंथरुणावर यावं. ती कूपोशी लग्न करते. तो छपरांवर पत्रे बसवणारा कामगार. त्याचा बाप दारू पिऊन छपरावरून पडून मेला, म्हणून हा दारूला शिवत नाही. एके दिवशी तोही पडतो, तेही शुद्धीत असताना. महिनोन् महिने अंथरुणात, मग आळस, मग दारू. हळूहळू झेर्व्हेझही त्याच वाटेने जाते आणि जिन्याखालच्या एका बिळात मरते. इथे ‘सही करू नकोस’ असं कुठे ओरडावं तेच कळत नाही. घसरण नेमकी कुठे सुरू झाली? बापाच्या दारूत, की त्या छपरावर, की गल्लीतल्या गुत्त्यात?

फरक आहे तो इथे. वास्तववादी लेखक विचारतो, हे कसं घडलं? निसर्गवादी विचारतो, हे असंच का घडलं, आणि याच कारणांतून दुसरं काही घडू शकलं असतं का? म्हणजे हा फरक विषयाचा नाही, स्पष्टीकरणाचा आहे. तेन या फ्रेंच समीक्षकाने वंश, परिस्थिती आणि काळ ही तीन कारणं सांगितली होती. क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाने १८६५ साली प्रायोगिक वैद्यकावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचा आधार घेऊन झोलाने १८८० साली ‘प्रायोगिक कादंबरी’ची कल्पना मांडली. एका कुटुंबाच्या पिढ्यांवर त्याने १८७१ ते १८९३ या काळात वीस कादंबऱ्या लिहिल्या. झेर्व्हेझ त्याच कुटुंबातली.

यावर जुनाच आक्षेप आहे, आणि तो मला मान्य आहे. प्रयोगशाळेत निसर्ग उत्तर देतो, कादंबरीत लेखकच. तेव्हा कादंबरी हा खऱ्या अर्थाने प्रयोग नाही. पण म्हणून तिने विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

मी शिकवत होतो तेव्हा एकदा वर्गात एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, म्हणजे हे प्रारब्धच की!’ हा घोटाळा मात्र सोडवायला हवा. दैववाद म्हणतो, तुम्ही काहीही करा, व्हायचं ते होणारच. नियतत्ववाद म्हणतो, अमुक कारणं असतील तर अमुक परिणाम होईल. म्हणजे कारणं बदलली की परिणामही बदलेल. झोलाने हा भेद स्वतः केला होता. रोगाचं कारण कळलं तरच डॉक्टरला उपाय सापडतो, तसंच समाजाचं. ‘झेर्मिनाल’ लिहिण्याआधी १८८४ साली तो संपाच्या काळात आंझँच्या कोळसा खाणीत उतरला होता. १९०२ साली त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगार त्याच कादंबरीचं नाव घोषणेसारखं ओरडत होते. आपलं आयुष्य अटळ आहे असं त्या कामगारांनी तिच्यात वाचलं असतं, तर त्यांनी घोषणा दिल्या असत्या का?

पण या विचाराची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या घराजवळची आहे. झोलाच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. दोहोंचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण गुण रक्तातून येतात, ही समजूत दोन्हीकडे आहे. कायद्याने तिचा अर्थ दैववादी लावला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, मग ठेवा तारेच्या कुंपणाआड. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ ही १९५० सालची कादंबरी अशाच कुंपणाआडच्या माणसांची आहे. ती वाचताना आपल्याला उलट प्रश्न पडतो. माणूस रक्ताने घडतो, की त्या कुंपणाने?

तेव्हा चिठ्ठी पाठवणाऱ्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. निसर्गवादी कादंबरी हाती घेतलीत तर तिच्यात घाण किती आहे हे मोजू नका. ती कोणती कारणं पुढे करते ते पाहा, आणि त्यातली कोणती आपल्याला बदलता येतील ते स्वतःला विचारा. एकही बदलता येणार नाही, असं पुस्तक सांगत असेल, तर ते विज्ञान नाही. ते प्रारब्धच आहे, फक्त कपडे नवे घातलेले.

आज इथेच थांबतो.