कुंडीतला वाटाणा

मृगाचा पाऊस झाला की कंधारच्या शिवारात पेरणीची लगबग सुरू होते. पुढे काही दिवसांत काळ्या रानात हिरव्या ओळी उमटतात आणि शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो. वर आलेला अंकुर सारेच पाहतात. पण तो वर येत असताना कोणी पाहिला आहे? बांधावर दिवसभर डोळे लावून बसले, तरी रोप हललेले दिसत नाही. सकाळी होते तसेच ते सायंकाळी भासते, आणि तरीही महिन्याभरात ते गुडघ्याला लागते. वाढ तर क्षणोक्षणी चाललेली असते. उणीव असते ती आपल्या दृष्टीची. अतिशय सावकाश होणारी हालचाल डोळ्यांना कळत नाही. घड्याळाचा तासकाटा सरकताना दिसत नाही, त्याचेही कारण हेच होय.

ही न दिसणारी वाढ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने पडद्यावर दाखविली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक कलांत त्यांचा हात फिरला होता. चाळिशी उलटण्याच्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक विलायती चित्रपट पाहिला, आणि आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर चालत्या-बोलत्या व्हाव्यात, या ध्यासाने त्यांना पछाडले. (बोलत्या म्हणायचे ते केवळ रीतीने, त्या काळचा चित्रपट मुकाच होता.) रात्रंदिवस प्रयोग आणि अपुरी झोप यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. उपचारांनी ती परत आली, आणि पुन्हा ते त्याच कामाला लागले.

अडचण होती ती पैशाची. हिंदुस्थानात राहून, इथल्याच माणसांकडून पूर्ण लांबीचा चित्रपट तयार होऊ शकेल, यावर त्या वेळी कोणाचाही सहज विश्वास बसण्यासारखा नव्हता. फाळक्यांपाशी ना धन होते, ना या धंद्यातील नाव. केवळ शब्दांवर भांडवल कोण देणार? तेव्हा या कलेत काय सामर्थ्य आहे, हे डोळ्यांनी दिसेल असे काहीतरी करून दाखविणे भाग होते. नटांना व पोशाखांना पैसा लागतो. फाळक्यांनी निवडलेल्या नटाला यांपैकी काहीच नको होते. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा ठेवला.

त्यांनी काय साधले हे समजण्यासाठी चलच्चित्राची मूळ युक्ती ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावरील माणूस चालताना दिसतो. परंतु फिल्मच्या पट्टीवर असतात ती एकापुढे एक मांडलेली स्थिर चित्रे. पहिल्यात पाऊल जमिनीवर, दुसऱ्यात किंचित उचललेले, तिसऱ्यात आणखी थोडे वर. ही चित्रे भराभर डोळ्यांपुढून गेली, की त्यांतील खंड आपल्याला जाणवत नाही आणि हालचालीचा भास होतो. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारणपणे १६ चित्रे घेत. पडद्यावरही त्याच वेगाने ती दाखविली, म्हणजे माणूस आपल्या नेहमीच्या चालीने चाले.

आता समजा, चित्रे घेताना वेग बदलला, आणि दाखविताना मात्र तोच ठेवला. एक चित्र घ्यावे, थांबावे, बऱ्याच वेळाने दुसरे घ्यावे, पुन्हा थांबावे. मधल्या काळात वेल थोडासा वाढलेला असतो. ही दूरदूरच्या वेळांची चित्रे पडद्यावर सलग धावू लागली, की आठवडे क्षणांत उरकतात. दाणा फुटतो, अंकुर माती सारून डोके वर काढतो, पाने उलगडतात आणि तणावे आधार चाचपीत वर चढतात. महिन्याहून अधिक काळ फाळके या कुंडीची चित्रे घेत राहिले. या छोट्या चित्रपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’.

फाळक्यांनी दररोज एकच चित्र घेतले, असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि चित्रपट मिनिटाहून थोडा मोठा होता, असेही सांगितले जाते. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. साधा गुणाकार करून पाहावा. सेकंदाला १६ याप्रमाणे एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. दररोज एक याप्रमाणे ३२ दिवसांत ३२ चित्रे होतील, आणि ती दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराचा चित्रपट ३२ दिवसांत हवा असेल, तर दिवसाला ३० चित्रे घ्यावी लागतील. म्हणजे, सूर्यप्रकाशाचे बारा तास धरले, तर दर चोवीस मिनिटांनी कॅमेऱ्यापाशी जाणे आले! लिहिलेले सारेच पाठ करण्यापूर्वी असा हिशेब करून पाहिला, तर कामाचे खरे मोल कळते.

शिवाय चित्र घेतले म्हणजे काम झाले, असे नाही. कुंडी अथवा कॅमेरा तसूभर सरकला, तर पडद्यावर वेल एकदम उडी मारतो. एका चित्रात ऊन व दुसऱ्यात ढगाची सावली आली, तर पडदा लुकलुकू लागतो. फिल्मच्या कडेची भोके समान अंतरावर नसतील, तर सारे चित्रच थरथरते. पुढे फाळक्यांच्या घरी ही भोके अंधाऱ्या खोलीत पाडावी लागत, आणि ते किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव यावे तितके आलेले नाही.

वनस्पतींची अशी चित्रे घेणारे फाळके जगात पहिले नव्हेत. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास असे प्रयोग केले होते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलतानाचा चित्रपट काढला होता. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला. त्यांच्या क्रेस्कोग्राफ या यंत्राने रोपाची सूक्ष्म वाढ कित्येक हजार पटींनी मोठी होऊन दिसे. बोसांनी अंतर वाढविले, फाळक्यांनी काळ आवळला.

फाळक्यांनी आपला चित्रपट निवडक लोकांना दाखविला. ज्याला शब्दांनी पटले नव्हते, त्याला वाटाण्याच्या वेलाने पटविले. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे स्नेही कर्ज देण्यास पुढे झाले. विम्याचे कागद गहाण पडले, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळक्यांनी लंडन गाठले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

आज हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. आताच्या कॅमेऱ्यात एक लहानसा संगणकच असतो. बटण दाबल्यावर काय करावे, याच्या आज्ञा त्यात लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. घरगुती वापराच्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा ‘ठराविक वेळाने आपोआप चित्र घे’ ही आज्ञाच नसे. यंत्राला ते अशक्य होते असे नव्हे. ते त्याला कोणी सांगितलेले नव्हते, इतकेच. कॅनन कंपनीच्या अशा कॅमेऱ्यांसाठी हौशी जाणकारांनी ‘सी.एच.डी.के.’ नावाचा जादा आज्ञासंच तयार केला आणि तो सर्वांना विनामूल्य दिला. तो चित्रे साठविण्याच्या कार्डावर ठेवतात. कॅमेरा सुरू होताना तो वाचला जातो. कार्ड काढून घेतले, की कॅमेरा पूर्ववत होतो. मात्र हा संच कंपनीचा नव्हे. प्रत्येक नमुन्याच्या कॅमेऱ्यासाठी तो वेगळा असतो आणि अचूक तोच निवडावा लागतो. म्हणून घरातल्या वडीलमाणसांना विचारल्यावाचून असा उद्योग करू नये.

फाळक्यांच्या अडचणी मात्र यंत्र बदलले म्हणून टळल्या नाहीत. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा लागतो. चित्र किती उजळ घ्यायचे, हे आरंभीच ठरवून कायम ठेवले नाही, तर कॅमेरा दर वेळी आपल्या बुद्धीने उजेड मोजतो आणि पडदा पुन्हा लुकलुकतो. बॅटरी काही तासांतच संपते. यासाठी वीजपुरवठा अखंड हवा. हरभऱ्याचा दाणा कुंडीत लावून, रात्रीही सारखा दिवा ठेवून, दर दहा मिनिटांनी एक चित्र घेतले, तर दिवसाला १४४ आणि दहा दिवसांत १४४० चित्रे होतात. सेकंदाला २४ याप्रमाणे ती बरोबर एक मिनिट चालतील.

आणि विजेची इतकी सोय नसली, तरी वाट बंद होत नाही. कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे. तटासमोर एकच जागा निश्चित करावी, तिथे खुणेचा दगड ठेवावा, आणि पावसाळा सरल्यापासून पुढचा मृग येईपर्यंत रोज एकाच वेळी, एकाच उंचीवरून एक चित्र घ्यावे. आठ महिन्यांची सुमारे २४० चित्रे होतील. दहा सेकंदांच्या त्या चित्रपटात खंदकातील पाण्याची पातळी बदलताना, काठचे गवत हिरव्याचे पिवळे होताना आणि बुरुजाची सावली ऋतूप्रमाणे सरकताना दिसेल.