चाकाचा नट : अंदाजाने की आकड्याने?

नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत दुचाकी दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांची संख्या मोठी आहे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे उस्ताद त्यांच्यात आहेत. पण पंक्चर काढून चाक परत बसवताना एक्सलचा नट किती आवळावा, हे बहुतेक ठिकाणी आजही मनगटच ठरवते.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला, तर नटावर ६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळपास ५९ न्यूटन-मीटर पीळ पडतो. त्याच पान्याला पाईप लावून लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोरात पीळही दुप्पट, ११८ च्या घरात जातो. शागीर्दाला मात्र हाताला काहीच फरक जाणवत नाही!

जास्त आवळल्याने आटे ताणले जातात आणि पुढच्या वेळी नट फिरतच राहतो. दोन बेअरिंगांमधला बुश घालायचा राहिला असेल, तर बेअरिंगवर आडवा दाब येऊन ते लवकर जाते. उलट नट सैल राहिला तर एक्सल सरकतो, चेन तिरकी चालते. औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने दोघे-तिघे बसून, वर सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत असा नट किती वेळ टिकेल?

यावर उपाय टॉर्क पान्याचा. हव्या त्या आकड्यावर लावला की तेवढा पीळ भरताच ‘टक्‌’ असा आवाज करतो, तेथेच थांबायचे. खात्रीसाठी आणखी एक झटका देण्याची सवय अनेकांना असते, त्याने पान्याचा उपयोगच संपतो. आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, कारण दोन गाड्यांत बराच फरक असतो. एकक पाहावे : ५.५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ५४ न्यूटन-मीटर. मॅन्युअलात सांगितले नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नये. घर्षण कमी होऊन त्याच आकड्यावर बोल्ट अधिक ताणला जातो.

मागच्या चाकाला आधी चेनचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवाव्यात, मग एक्सलचा नट भरावा. स्प्लिट पिन असेल तर नवीन घालावी. डिस्क ब्रेकचे छोटे बोल्ट मोठ्या पान्याने आवळू नयेत. त्यांचा आकडा लहान असतो, म्हणून कमी क्षमतेचा वेगळा पाना ठेवावा लागतो.

खर्च काही हजारांचा आहे, हे खरे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेबद्दल तक्रार करता येते आणि पैसे घेऊन केलेली दुरुस्तीही सेवाच आहे. बिलावर नटाचा आकडा लिहून देणाऱ्या गॅरेजवाल्याजवळ निदान दाखवायला कागद राहतो. आमच्या मते पान्याचे पैसे एवढ्यानेच वसूल होतात.

या पान्याने जाम झालेला नट उघडू नये. काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. वर्षातून एकदा, किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, त्याची तपासणी करून घ्यावी. पाना हातातून फरशीवर पडला, तर वर्षाची वाट पाहू नये.